ठोके चढणारच, उतरतात किती लवकर ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 41, बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत सुपरवायझर. कस्टमरचं ऑडिट असलं, म्हणजे माल घेणाऱ्या कंपनीची माणसं तपासणीला येणार असली, की आदल्या रात्रीपासून छाती धडधडते, बोलताना हात थरथरतात, ऑडिट संपून माणसं निघून गेली तरी संध्याकाळपर्यंत अंग शांत होत नाही. ईसीजी, इको, थायरॉईड सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नका, व्यायाम करा. यावर दादांचं म्हणणं, "मॅडम, टेन्शन कामाचं आहे, मी चालायला गेलो म्हणून ऑडिट टळणार आहे काय? आणि दिवसभर शेडमध्ये फिरतोच की मी. माझा धाकटा भाऊ रोज दोन तास जिम मारतोय, तो तर माझ्यापेक्षा जास्त चिडतोय."

दादा, तुमच्या तिन्ही शंका खऱ्या आहेत आणि तिन्हींना उत्तर आहे. मी फिजिओथेरपिस्ट, बेळगावात 24 वर्षं झाली, जास्त काम हार्टच्या पेशंटबरोबर, म्हणजे बायपास किंवा अँजिओप्लास्टी झाल्यावर माणसाला परत चालतं करायचं. सुरुवातीची काही वर्षं मी पण पेशंटना सांगायचे की व्यायाम करा, टेन्शन येणारच नाही. ते चुकीचं होतं, आणि त्यामुळे झालं काय की महिनाभर चालून सुद्धा घरात भांडण झालं आणि छाती धडधडली की माणूस म्हणायचा बघा काही उपयोग नाही, आणि चालणं सोडून द्यायचा. आता मी वेगळं सांगते. ठोके चढणारच. व्यायामाने मुख्य फरक पडतो तो उतरण्यात.

आधी धडधड होते कशी ते बघू, कारण ते कळलं की निम्मी भीती जाते. आपलं हृदय कुणीही न सांगता स्वतःच्या मनाने चालू दिलं तर मिनिटाला साधारण शंभरच्या आसपास ठोके मारेल. ते बसल्याजागी 70-75 वर असतं कारण मेंदूतून निघालेली व्हेगस नावाची नस त्याला सतत मागे ओढून धरत असते, ब्रेकवर पाय ठेवल्यासारखा. ऑडिटर गेटवर आला असा फोन आला की पहिल्यांदा हा ब्रेक सुटतो, सेकंदा-दोन सेकंदात, म्हणून छातीत एकदम धस्स होतं. त्यामागून अॅड्रेनलिन नावाचं हार्मोन येतं, किडनीच्या डोक्यावर ज्या दोन छोट्या ग्रंथी आहेत तिथून, आणि ते अॅक्सिलरेटर दाबतं, हात थरथरणं, तळहाताला घाम, तोंड कोरडं पडणं हे सगळं त्या खात्यातलं. आणि तिसरं येतं कॉर्टिसोल, हे पण हार्मोनच, पण सावकाश येणारं. मेंदूतून त्याच्या खालीच असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीला निरोप, पिट्यूटरीकडून रक्तातून त्याच ग्रंथींना निरोप, असा फिरून येतो, त्यामुळे ते वर पोचेपर्यंत वीस ते तीस मिनिटं जातात. म्हणजे 11 वाजता ऑडिटरने रिजेक्शनचा आकडा विचारला, 11 वाजून 5 मिनिटांनी विषय मिटला पण, तरी तुमच्या रक्तातलं कॉर्टिसोल साडेअकराला सगळ्यात वर असू शकतं. अंग ऐकत नाही असं तुम्हाला वाटतं ते हेच. अंग त्याच्या वेळापत्रकाने चाललंय.

आणि हे कॉर्टिसोल, अॅड्रेनलिन काय करतात तर लिव्हरला सांगतात साखर सोड, चरबीला सांगतात तू पण सुट, स्नायूंना इंधन लागणार आहे. शरीर समजतंय की आता पळायचंय नाहीतर झोंबी खेळायची आहे. पण तुम्ही तर कॉन्फरन्स रूममध्ये खुर्चीवर फाईल धरून बसलाय. इंधन सुटलंय आणि वापरायला कुणी नाही. डायबेटिस असलेली कितीतरी माणसं मला म्हणतात मॅडम पथ्य पाळलं तरी टेन्शनच्या दिवशी शुगर वाढते, ते पथ्य खरंच पाळत असतात.

आता फिटनेसचा भाग. माझे मामा आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या धरायचे, त्यामुळे लहानपणापासून पैलवान बघितलेत. शिकत असताना एकदा मैदानावर प्रथमोपचाराला थांबले होते, तेव्हा जोडीची वाट बघत नुसत्या बसलेल्या एका पैलवानाची नाडी मोजली, 118 भरली. काही हलत नव्हता तो, हलगी कडाडत होती आणि हा खाली बघत बसलेला. मला धक्काच बसला, एवढा तयारीचा माणूस आणि ठोके 118. कुस्ती झाली, निकाली झाली, घामाने भिजून आला, दोन-तीन मिनिटांनी परत मनगट धरलं तर शंभराच्या खाली. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नव्हता, पुढे पुस्तकं वाचताना लागला. तयार शरीर गरज पडली की जोरात पेटतं आणि गरज संपली की पटकन विझतं. कच्चं शरीर पण पेटतंच, ते धुमसत राहतं.

अभ्यास काय सांगतात तेही प्रामाणिकपणे सांगते, कारण इंटरनेटवर याचं फार सोपं करून टाकलंय. जर्मनीतल्या ट्रियर शहरात 1993 साली एक टेस्ट तयार झाली, जगभर अजून वापरतात. माणसाला अचानक सांगतात की या तीन गंभीर चेहऱ्यांसमोर पाच मिनिटं बोल, मग पाच मिनिटं मोठ्या आकड्यातून 13 किंवा 17 वजा करत खाली ये, चुकलं की पहिल्यापासून. समोरचे मान पण हलवत नाहीत. बहुतेकांचं कॉर्टिसोल यात चढतं. तुम्हाला ओळखीचं वाटतंय ना? हेच तर तुमचं ऑडिट. डोक्यात मराठी, कामगारांशी कन्नड नाहीतर हिंदी, आणि समोरच्या पाहुण्याला इंग्लिशमध्ये पीपीएम, म्हणजे दहा लाखात किती नग खराब निघाले ते, समजावून सांगायचं, आणि तो वहीत काहीतरी लिहून घेतोय. दुसरा आपल्याला तोलतोय आणि निकाल आपल्या हातात नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की कॉर्टिसोल सगळ्यात जास्त उसळतं हे बऱ्याच अभ्यासातून दिसलंय. म्हणून तुम्ही घाबरट आहात असं अजिबात समजू नका.

तर या टेस्टमध्ये 2007 सालच्या एका अभ्यासात वरच्या दर्जाचे खेळाडू आणि व्यायाम न करणारे पुरुष शेजारीशेजारी ठेवून बघितले, खेळाडूंचं कॉर्टिसोल आणि ठोके दोन्ही कमी चढले. पण सगळे अभ्यास एकत्र ठेवले की चित्र इतकं साफ नाही राहत, काहींत फिट माणसाचे ठोके इतरांइतकेच चढले, काहींत थोडे जास्तच चढले. त्यापेक्षा जास्त भरवशाने जे दिसतं ते म्हणजे परत खाली येणं, ते फिट माणसात लवकर होतं. शिवाय एक शंका रास्त आहे की मुळातच शांत माणसं खेळाकडे जात असतील तर? असा घोळ होतोच. लंडनच्या डबलडेकर बसचं उदाहरण 1953 पासून सगळे देतात, दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हार्टचा त्रास कमी होता. पण तो अभ्यास करणाऱ्या जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनीच तीन वर्षांनी युनिफॉर्मची मापं काढून बघितली तर ड्रायव्हर नोकरीला लागतानाच कमरेने मोठे होते. स्वतःचाच निष्कर्ष असा तपासून बघणारा माणूस मला फार मोठा वाटतो. म्हणून खरा पुरावा कुठला, तर आधी व्यायाम न करणाऱ्यांना चिठ्ठ्या टाकून वाटायचं, अर्ध्यांना ट्रेनिंग द्यायचं आणि मग टेस्ट घ्यायची. असं पण झालंय, 2014 साली छापलेल्या एका जर्मन प्रयोगात 12 आठवडे पळण्याचं ट्रेनिंग दिल्यावर पुरुषांचं कॉर्टिसोल आणि ठोके टेस्टमध्ये आधीपेक्षा कमी उसळले. 12 आठवडे हा आकडा लक्षात ठेवा, 12 दिवस नव्हे.

फरक पडतो कसा? एक तर हृदय एका ठोक्यात जास्त रक्त टाकायला शिकतं, त्यामुळे तेवढंच काम कमी ठोक्यात होतं आणि बसल्याजागची नाडी खाली येते. दुसरं, तो व्हेगसचा ब्रेक लवकर लागायला लागतो. व्यायाम थांबवल्यावर पहिल्या मिनिटात जे ठोके उतरतात ते मुख्यतः या ब्रेकमुळे. 1999 मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी 2,428 जणांना ट्रेडमिलवर पळवून सहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं, पहिल्या मिनिटात 12 किंवा त्याहून कमी ठोके उतरले अशा लोकांत मृत्यू बरेच जास्त निघाले. हे वाचून लगेच घरात घाबरून मोजत बसू नका, ती दवाखान्यातली टेस्ट होती, आपल्याला फक्त स्वतःची स्वतःशी तुलना करायची आहे, कशी ते खाली सांगते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. तुमच्यासारख्या माणसाला 41 वर्षांच्या आयुष्यात गेली पंधरा वर्षं छाती जोरात धडधडणं फक्त दोनच वेळा माहीत आहे, साहेबासमोर आणि वाईट बातमीच्या वेळी. म्हणजे मेंदूच्या हिशेबात धडधड म्हणजे संकट. मग ऑडिटच्या वेळी ठोके 100 वर गेले की मेंदू म्हणतो काहीतरी होतंय, ही भीती अजून अॅड्रेनलिन सोडते, ठोके 115, मग हार्ट अटॅक तर नाही ना, ठोके 125. हे चक्र आहे. आता हाच माणूस रोज सकाळी अर्धा तास झपाझप चालून स्वतःहून ठोके 120 वर नेतो, घाम येतो, दम लागतो, आणि पाच मिनिटात सगळं शांत होतं, वर घरी येऊन चहा छान लागतो. दोन महिने असं केलं की मेंदूला कळतं धडधड येते आणि जाते. बायपास झालेल्या माणसांत हे मी दरवेळी बघते, पहिल्या दिवशी दहा पायऱ्या चढून नाडी वाढली की चेहरा पांढरा पडतो, सहाव्या आठवड्यात तोच माणूस जिना चढता चढता मला नातीच्या लग्नाचं सांगत असतो. नाडी दोन्ही वेळा वाढलेलीच असते.

आता तुमची दुसरी शंका, शेडमध्ये फिरतोच की. आमच्याकडे शहापूर, वडगाव, खासबागेतून कापडाच्या मागावर उभं राहून काम करणारी माणसं येतात, आठ-दहा तास उभं, कानात खटखट, संध्याकाळी पाय सुजलेले, आणि त्यांचं बीपी पण वाढलेलं असतं. कामावरचं राबणं आणि व्यायाम, शरीर या दोघांना सारखं धरत नाही. कामावर तासन्तास थोडे थोडे ठोके वाढलेले राहतात पण हृदयाला तयार करेल एवढे कधी चढत नाहीत आणि मोकळे होऊन उतरत पण नाहीत, थांबायचं कधी ते आपण ठरवत नाही, भट्टीची उष्णता, आवाज, शिफ्टची घाई वेगळीच. व्यायाम म्हणजे चढ आणि उतार दोन्ही. शेडमधले दहा हजार पाऊल त्यात धरू नका, ते थकणं खरं आहे, त्याचा मान आहे, पण ते काम वेगळं. घरातल्या ताई-वहिनींना पण हेच, दिवसभर राबून सुद्धा स्वतःचा अर्धा तास त्यांना मिळायला पाहिजे आणि तो घरातल्या इतरांनी द्यायला पाहिजे.

आणि धाकट्या भावाचं. व्यायाम स्वतःच एक स्ट्रेस आहे, जोरात केला की कॉर्टिसोल वाढतंच, हलका केला तर उलट थोडं उतरतं असंही मोजलं गेलंय. त्यात वाईट काही नाही, अंगाला ताण द्यायचा, मग विश्रांती द्यायची, त्यातूनच ते तयार होतं. पण रात्री नऊ ते अकरा जिम, त्याआधी कॅफीनची पावडर, झोप पाच तास, आठवड्यात एक पण सुट्टी नाही, कामाचं टेन्शन वेगळं, तर दुसरा अर्धा भाग, विश्रांतीचा, कुठे आहे? मी न बघता त्याचं निदान करत नाही, पण त्याला म्हणावं रोज सकाळी अंथरुणातच नाडी मोज. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त आणि असं चार-पाच दिवस चाललंय, शिवाय झोप लागत नाही, चिडचिड, वजन उचलवत नाही, तर आठवडाभर हलकं घे. तालमीत जुने वस्ताद मेहनतीइतकंच खुराक आणि झोपेवर लक्ष ठेवायचे, दुपारी पोरं झोपली नाहीत तर ओरडायचे.

तुम्ही करायचं काय. आठवड्याला 150 मिनिटं मध्यम व्यायाम, जागतिक आरोग्य संघटनेचा 2020 चा सल्ला 150 ते 300 चा आहे, आणि दोन दिवस ताकदीचा. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही असा वेग, त्याला घड्याळ लागत नाही. टिळकवाडीत राहत असाल तर व्हॅक्सिन डेपोचं मैदान, कॅम्पकडे असाल तर किल्ल्याचा तलाव, पण खरं सांगू, घरासमोरचा रस्ता पण चालतो. पहिले दोन आठवडे 15-20 मिनिटंच करा, पाचव्या दिवशी गुडघा धरला म्हणून सोडून देणारे मी शेकड्याने बघितलेत. तिसऱ्या आठवड्यापासून मध्ये मध्ये एक मिनिट जोरात, दोन मिनिटं सावकाश, असं चार-पाच वेळा, कारण चढवून उतरवायची सवय यातूनच लागते. ताकदीला बैठका आणि भिंतीला हात टेकून जोर पुष्कळ झाले, सूर्यनमस्कार येत असतील तर उत्तमच, फक्त श्वास कोंडून करू नका.

ऑडिटच्या दिवशी सकाळी जोरात व्यायाम नको, नेहमीचं चालणं वीस मिनिटं करा, कारण एकदा चालल्यावर पुढे काही तास बीपी थोडं खालीच राहतं. ऑडिट संपलं की लगेच खुर्चीत बसून मोबाईल काढायचा नाही, तेव्हाच कॉर्टिसोल वर चढायलंय. शेडला बाहेरून फेरी मारा, दहा मिनिटं, झपाझप. काम करणारा स्नायू इन्सुलिनची फार वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो, म्हणजे जे इंधन सुटलंय ते जिथे जायला पाहिजे तिथे जातं. आणि दुपारनंतर चहा बंद, तुमच्या चिठ्ठीत दिवसाला सात चहा लिहिलेत, हात थरथरण्यात त्याचाही वाटा असणार.

मोजायचं असं. सकाळी उठल्यावर अंथरुणातच मनगटावर 15 सेकंद नाडी मोजा, चारने गुणा, वहीत लिहा. आणि महिन्यातून एका रविवारी राजहंसगडावर जा, येळ्ळूर तुम्हाला जवळच आहे. गाडी खाली लावून चालत चढा, वर सिद्धेश्वराच्या देवळाजवळ पोचल्या पोचल्या नाडी मोजा, मग सावकाश फिरत राहून एका मिनिटाने परत मोजा, दोन्ही आकडे आणि त्यातला फरक लिहा. दरवेळी तोच रस्ता, तोच वेग. ऑडिटमध्ये शांत वाटलं की नाही हे मनाचे खेळ म्हणून सोडून देता येतं, वहीतला फरक 16 चा 24 झाला तर नाही सोडता येत. बीपीची अॅटेनोलॉल, मेटोप्रोलोलसारखी गोळी चालू असेल तर हे आकडे धरू नका, ती गोळी ठोके दाबूनच ठेवते, तेव्हा बोलता येतं का एवढंच बघायचं. आणि गोळी स्वतःहून बंद करायची नाही, कुणाचं ऐकून पण नाही.

चालताना छातीत दाब आला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, डोळ्यासमोर अंधारी आली, किंवा ठोके चुकल्यासारखे वेडेवाकडे पडायला लागले तर थांबायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. रिपोर्ट मागे नॉर्मल आलेत म्हणून अंगावर काढू नका. आणि दोन-अडीच महिने नीट करून सुद्धा झोप येत नाही, ऑडिट नसताना पण भीती दाटून येते, कामावर जाऊच नये वाटतं, असं असेल तर ते एकट्या व्यायामाचं काम नाही, मनाच्या डॉक्टरांकडे जा, किंवा टेली मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, फुकट. मी स्वतः पेशंटना पाठवते, आणि चालणं त्याबरोबर चालू ठेवायला सांगते.

राहिला पाऊस. आपल्याकडे जून ते सप्टेंबर मैदान म्हणजे चिखल, आणि नेमकं तेव्हाच सगळ्यांचं सुटतं, मग दसऱ्यानंतर परत पहिल्यापासून, कारण चार-सहा आठवडे सोडलं की कमावलेलं बरंच जातं. म्हणून आत्ताच जागा ठरवून ठेवा. घराचा किंवा फॅक्टरीच्या ऑफिसचा जिना चालेल, वर झपाझप, खाली कठडा धरून सावकाश, दहा मिनिटांपासून सुरू करा. छत्रीवाला पाऊस असेल तर छत्री घेऊन चाला, मुसळधार असेल त्या दिवशी जिना. पहिल्या महिन्याचे वहीतले आकडे पाठवा, ते बघून पुढचं सांगते.